फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली

“डीग्लव्हिंग इंज्युरी आहे,” डॉक्टर म्हणाले. मला नाही, शेजारच्या सिस्टरला. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांना वाटलं असावं की बाईला सांगायला हवं. हातमोजा उलटा करून ओढला की जसा निघतो, तशी कातडी खालच्या मांसापासून सुटून येते, त्याला डीग्लव्हिंग म्हणतात. माझ्या डाव्या पायाची कातडी घोट्याखालपासून बोटांपर्यंत अशी सुटली होती. आत हाडं मोडली होती ती वेगळीच.

मी विचारलं, पाय राहील ना? डॉक्टर म्हणाले, “पाय राहील असं आज वाटतं. कातडी किती जगेल ते चार दिवसांनी पाय स्वतःच सांगेल.”

आयुष्यभर मी भाव करत आले. गुलमंडीच्या कापडबाजारातून कटपीस उचलायचे, गंगापूरच्या बाजारात नेऊन विकायचे, तिथून सुरुवात. मग वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर चहाची गाडी, आणि पुढं त्याच भागातल्या एका मोठ्या गोदामाचं कॅन्टीन. प्रत्येक पायरी घासाघीस करून चढले. “पाय स्वतःच सांगेल” असं म्हणणाऱ्या माणसाशी भाव कसा करायचा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे लिहायचं कारण सांगते. गोदामात, कारखान्यात, मार्केट यार्डात ज्यांच्या आजूबाजूनं फोर्कलिफ्ट फिरते अशा बायामाणसांनी हे वाचावं. हमालांनी, झाडूवाल्या बायांनी, चहा घेऊन जाणाऱ्यांनी. ऑपरेटरला तरी कुणीतरी काहीतरी सांगतं. आपल्याला कुणी सांगत नाही.

झालं ते असं. दुपारच्या चहाची वेळ होती. नेहमीचा ऑपरेटर रजेवर होता. ट्रक उभा होता, ड्रायव्हर बोंबलत होता. आमच्या गोदामात फोर्कलिफ्टची चावी एका खांबाच्या खिळ्याला टांगलेली असायची. जो मोकळा असेल त्यानं काढायची, काम झालं की परत अडकवायची. अशीच पद्धत पडली होती. डिस्पॅचच्या सुपरवायझरनं दत्तूला हाक मारली. दत्तू लोडर. गंगापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला, गावी लोकांचे ट्रॅक्टर चालवलेला. सुपरवायझर म्हणाला, ट्रॅक्टर येतो ना तुला, मग हे काय अवघड आहे, चल.

मी किटली घेऊन मशीनच्या मागच्या बाजूला उभी होते, एका हमालाला चहा ओतत. मशीनच्या समोर माल उचलायचे दोन लोखंडी दात, त्यावर माल. आपण समजतो धोका समोर आहे. दत्तूनं माल उचलला, पुढं घेतला आणि स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. मशीनचं तोंड डावीकडं गेलं आणि मागचा सगळा जड भाग झपकन उजवीकडं, माझ्या अंगावर. मागचं चाक माझ्या पायावर चढलं आणि चढूनच फिरलं. मी चपलेवर होते. मला आवाज आठवतो, दुखलेलं आठवत नाही. दुखणं नंतर आलं, आणि आलं ते राहायलाच आलं.

पहिल्या ऑपरेशनमध्ये पाय धुतला, हाडांत के-वायर घातल्या. के-वायर म्हणजे बारीक तारा, हाडं जागेवर धरून ठेवायला. तारांची टोकं बोटांतून बाहेर आलेली दिसत. सुटलेली कातडी परत जागेवर पसरून टाके घातले. डॉक्टर म्हणाले, ही कातडी धरली तर आपलं नशीब.

ती धरली नाही. आधी जांभळी झाली, मग काळी, मग चामड्यासारखी कडक. आणि वास. मी पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक रोज करणारी बाई. डाळ आंबायला लागली तर झाकण उघडायच्या आधी मला कळतं. स्वतःच्या पायाचा तो वास मला सिस्टरच्या आधी आला. लेक रूपाली डबा घेऊन आली, कॉटजवळ येताच तिनं ओढणी नाकाला लावली आणि लगेच काढली, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

मग डीब्राइडमेंट सुरू झालं. म्हणजे मेलेलं मांस कापून, खरवडून काढायचं. लाल, रक्त येणारं लागलं की थांबायचं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, ड्रेसिंगच्या आधी दुखण्याचं इंजेक्शन मागून घ्या, लाजू नका. आणि पायाकडं एकदा तरी बघा. मी बरेच दिवस छताकडं बघत होते. न बघितलेला पाय मनात जास्त सडतो.

मधल्या काळात दोन बोटांचा प्रश्न उभा राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही काढावी लागतील असं दिसतंय. मी म्हणाले, “एक घ्या, एक ठेवा.”

“मावशी, हा गुलमंडीचा बाजार नाही.”

“मग दोन दिवस थांबून तरी बघा. एवढं तर द्या.”

ते हसले नाहीत, पण थांबले. त्यांनी सांगितलं की जिवंत आणि मेलेल्या भागामध्ये एक रेघ तयार होते, तिला डिमार्केशन म्हणतात. ती नीट दिसेपर्यंत थांबता येतं, ताप आला नाही तर. ताप आला नाही. रेघ करंगळीच्या बुडाशी थांबली. करंगळी गेली, शेजारचं बोट राहिलं. डॉक्टर सांगतात, हे तुमच्या बोलण्यामुळं नाही, रक्तपुरवठ्यामुळं झालं. असेल. मी ते माझ्या पदरात पाडून घेतलं आहे.

याच दिवसांत कंपनीची माणसं भेटायला आली. पुढं एचआर साहेब, मागं एक फोटो काढणारा. चकचकीत कागदात गुंडाळलेली फळांची टोपली. साहेबांनी टोपलीचं एक टोक मला धरायला लावलं, एक स्वतः धरलं, आणि आमचा फोटो निघाला. माझ्या पायाला तेव्हा व्हॅक ड्रेसिंग होतं. जखमेवर स्पंज ठेवून वरून चिकटपट्टी लावतात आणि नळीनं एक मशीन सतत घाण ओढत राहतं, डब्यात जमा करतं. तो डबा कॉटला टांगलेला होता. साहेबांनी फोटोवाल्याला खुणेनं सांगितलं, डबा येऊ देऊ नको.

फोटोवाला गेल्यावर साहेब खुर्ची ओढून बसले. अत्तराचा वास इतका की मला पायाचा वास बरा वाटला. म्हणाले, दवाखान्याची काळजी करू नका, आम्ही आहोत. कॅन्टीनचं कंत्राट संपत आलंय, त्याचंही बघू. फक्त फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील चौकशीला. त्यांना सांगायचं की तुम्ही फोनवर बोलत होता आणि चुकून मशीनच्या वाटेत आलात. तेवढं एक वाक्य. आणि दत्तूला काढून टाकतोय, म्हणजे तुमचंही समाधान.

अपघाताच्या वेळी माझा फोन कॅन्टीनच्या काउंटरवर चार्जिंगला होता.

माझा स्वभाव तापट आहे. गेटवरच्या दिवसांत मी उकळता चहा एकाच्या बुटावर ओतलेला आहे. पण भाव करताना पहिला आकडा समोरच्याला बोलू द्यायचा आणि आपण गप्प बसायचं, हेही मला येतं. मी म्हणाले, विचार करते. साहेब खूश होऊन गेले. सफरचंदांवर स्टिकर होते. मी टोपली वॉर्डातल्या मावशींना देऊन टाकली.

किळस कशाची आली ते सांगते. या कंपनीत सुरक्षेचं ट्रेनिंग होत नव्हतं असं नाही. दरवर्षी होत होतं, आणि त्याला चहा-समोसे माझे असायचे, म्हणून मी प्रत्येक ट्रेनिंग आतून बघितलेलं आहे. वरच्या मजल्यावर एसी हॉल. भिंतीवर इंग्रजीतली चित्रं. माणसं गार हवेत पेंगायची. एकच झगमगीत सेफ्टी जाकीट होतं, ते एकानं घालून फोटो काढला की दुसऱ्याला द्यायचं. सह्या व्हायच्या, समोसे संपायचे, टाळ्या. त्या हॉलमध्ये फोर्कलिफ्ट कधीच नव्हती. ती खाली, खिळ्यावर चावी टांगून. हमाल कंत्राटी, म्हणून त्यांना बोलावणं नाही. दत्तूला नाही. मला तर समोशांचा ट्रे ठेवून बाहेर जायला सांगायचे. आणि आता हीच माणसं मला शिकवत होती की चूक माझी.

रूपालीचं म्हणणं वेगळं होतं. ती माझ्या जागी कॅन्टीन सांभाळत होती, सकाळी पडेगावहून निघून संध्याकाळी दवाखान्यात. म्हणाली, “आई, बोलून टाक ना एक वाक्य. तुझा पाय काय परत येणारे का खरं बोलून? कॅन्टीन गेलं तर खायचं काय आपण?”

मी चिडले, पण तिचं चुकत नव्हतं. हाच खरा प्रश्न होता. कातडी गेलेला पाय घेऊन नवीन गेटवर पुन्हा गाडी लावायची ताकद माझ्यात नव्हती. एक वाक्य बोलले असते तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. दोन दिवस मी त्या वाक्याला तोंडात घोळवून बघितलं. फोनवर बोलत होते. चुकून वाटेत आले. प्रत्येक वेळी काउंटरवर चार्जिंगला लावलेला फोन डोळ्यांपुढं यायचा.

दत्तू रोज येत होता हे मला सिस्टरकडून कळलं. बाहेर बाकड्यावर बसायचा आणि निघून जायचा. एके दिवशी मी त्याला आत बोलावून घेतलं आणि आधी मनसोक्त शिव्या दिल्या. करंगळीच्या नावानं दिल्या, मांडीच्या नावानं दिल्या, कारण पुढं मांडीची कातडी काढून पायाला लावणार होते. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला:

“ताई, ट्रॅक्टरचं तोंड वळतं. ह्याचं बूड वळतं. हे मला कुणी सांगितलंच नाय.”

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं कॉटवरचं औषधाचं खोकं फिरवून दाखवलं. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, सगळ्यांची पुढची चाकं वळतात. मागचा भाग मुकाट मागून येतो. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. स्टेअरिंग एकीकडं फिरवलं की मागचं धूड दुसरीकडं झोकतं, आणि वजन सगळं मागंच असतं, समोरचा माल तोलायला. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाचे हात नेमके चुकीच्या अंदाजानं चालतात.

“आता कुठून कळलं तुला?”

“नेहमीचा ऑपरेटर रजेवरनं आला, त्यानं सांगितलं. लई शिव्या घातल्या त्यानं बी.”

म्हणजे माझा पाय वाचवायला फक्त एवढंच वाक्य लागलं असतं. इतक्या वर्षांच्या समोशांमध्ये ते कुणी बोललं नव्हतं. आणि माझ्याकडून मागितलं जात होतं ते वाक्य वेगळं.

साहेब उत्तर घ्यायला आले, तेव्हा मी सौदा मांडला. त्यांना वाटलं मी जास्त पैसे मागणार. मी म्हणाले, “दवाखान्याचं बिल तुम्ही भरणारच, ते उपकार नाहीत. आणि मी इन्स्पेक्टरला जे झालं तेच सांगणार, ते विकायला नाही. पण त्यांनी विचारलं की अपघातानंतर कंपनीनं काय केलं, तर मी काय सांगू ते तुमच्या हातात आहे.”

साहेब म्हणाले, म्हणजे नेमकं काय पाहिजे? मी सांगितलं. ट्रेनिंग खाली, मशीनजवळ. जो जो त्या शेडमध्ये पाऊल टाकतो त्या सगळ्यांना, झाडूवालीपासून. मराठीत. दत्तूला काढायचं नाही, नीट शिकवून परीक्षा घ्यायची. पास झाला तर चावी, नाही तर लोडरच. आणि खिळा काढायचा.

साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही आम्हाला धमकी देताय का?”

“धमकी तुम्ही दिली, फळांसोबत. मी भाव सांगतेय.”

ते उठून गेले. त्यानंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. ग्राफ्ट झालं. स्किन ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा सोलून जखमेवर लावतात. लोक पायाचं विचारतात, पण जास्त आग मांडीची होते, हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पट्टी पहिल्यांदा उघडली. सिस्टर खाली वाकली, बघितलं, आणि म्हणाली, “धरलंय मावशी. गुलाबी आहे.” ती सिस्टर रोज माझा पाय हातात घेऊन साफ करायची आणि तिचं नाक एकदाही आक्रसलं नाही. माझ्या लेकीला जे जमलं नाही ते तिनं नोकरी म्हणून केलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिच्याशी मी कधी कशाचाही भाव केला नाही.

वॉकर घेऊन घरी आले. इन्स्पेक्टर आले तेव्हा कॅन्टीनमध्ये खुर्चीवर बसून मी सगळं सांगितलं. चावी, खिळा, ट्रक, ट्रॅक्टर. सुपरवायझर शेजारी उभा होता, त्याच्याकडं बघून सांगितलं. फोन कुठं होता तेही. कंपनीनं नंतर काय केलं असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अजून काही नाही, बघू.

त्यानंतर ट्रेनिंग ठरलं. माझ्या सौद्यामुळं की इन्स्पेक्टरच्या धाकानं, मला माहीत नाही. शेडमध्ये गेले तर गालिचा अंथरला होता. बॅनर, फुलं, फोटोवाला, आणि ते एकुलतं एक जाकीट. मला परत तोच वास आला, काळ्या कातडीचा. साहेबांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि माइकवरून माझी ओळख करून दिली, आमच्या परिवारातल्या म्हणून. ताईंनी दोन शब्द बोलावेत म्हणाले. मी म्हणाले, मी नाही बोलणार, मशीन बोलू द्या.

बाहेरून आलेला ट्रेनर बरा होता. त्यानं गालिचा गुंडाळायला लावला. दत्तूला मशीनवर बसवलं, पट्टा लावला, आणि मागच्या चाकाशेजारी ठेवायला थर्मोकोलचा खोका मागितला. मी रूपालीला सांगून माझी किटली आणवली. अपघाताच्या दिवशी हातात होती तीच, एका बाजूनं चेपलेली. “हिला ठेवा,” म्हणाले. मी उभी होते तिथंच ठेवली.

दत्तूनं स्टेअरिंग फिरवलं. हळू, अगदी माणूस चालतो त्याहून हळू. तोंड डावीकडं गेलं. बूड उजवीकडं झोकलं आणि किटली चाकाखाली गेली. ॲल्युमिनियम चेपण्याचा आवाज शेडभर फिरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झाडूवाली शांताबाई माझ्या शेजारी होती, तिनं तोंडावर पदर धरला. एचआर साहेब मशीनपासून चांगले लांब उभे होते, तरी त्यांनी आपले चकचकीत बूट मागं घेतले. मी ते बघितलं, आणि त्यांनी मला बघताना बघितलं.

दत्तू पहिल्यांदा परीक्षेत नापास झाला. दुसऱ्यांदा पास झाला. आता त्याच्या गळ्यात ऑपरेटरचं कार्ड आणि खिशात चावी असते. खिळा मी स्वतः पक्कड घेऊन काढला, त्यासाठी खुर्चीवर बसूनच हात पुरला.

आजही “आमचं चुकलं” असं मला कंपनीतल्या कुणी म्हटलेलं नाही. कंत्राटाची मुदत वाढवून मिळाली ती थोडक्यासाठी, पुढचं माहीत नाही. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पाय थंडीत ठणकतो, ग्राफ्टवर घाम येत नाही, तिथं तेल चोळावं लागतं. उभं राहून पोळ्या लाटता येतात, फार वेळ नाही. बूट घालूनच शेडमध्ये जाते. माझ्याकडं कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी मशीनच्या मागं नेते आणि सांगते, इथं कधी उभं राहायचं नाही. तुम्हीही सांगा. ज्याला सांगायचा पगार मिळतो तो सांगेल, याची वाट बघू नका.

परवा जेवणाच्या सुट्टीत ट्रक आला. सुपरवायझर धावत कॅन्टीनमध्ये आला. दत्तू कोपऱ्यात भाकरी खात बसला होता.

“दत्तू, चावी दे. दुसऱ्याला बसवतो, पाच मिनिटांचं काम आहे.”

दत्तूनं घास चावला. गिळला. खिशावर हात ठेवला.

“नाय साहेब. जेवण झालं की मीच येतो.”

बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. सुपरवायझरनं माझ्याकडं बघितलं. मी उठले, लंगडत गेले, आणि दत्तूच्या पुढ्यात चहाचा आणखी एक ग्लास ठेवला, काठोकाठ भरून.

“सावकाश पी,” म्हणाले. “गरम आहे.”